माद्रिदमध्ये खरेदी : जूनअखेर चार दिवस, कुठे काय घ्यावं?

वाटसरू_पुणे
जूनच्या शेवटच्या आठवड्यात माद्रिदला जाणं ठरलंय. बुधवारी रात्री पोहोचू, सोमवारी दुपारी दोहामार्गे मुंबईचं विमान. मुक्काम पुएर्ता देल सोलजवळ. मी, पत्नी आणि आई. आई सपाटीवर चालते, पण गुडघ्यांमुळे जिने नकोत. प्रादो संग्रहालय आणि राजवाडा सोडला तर बाकीचा वेळ खरेदीसाठी मोकळा ठेवलाय.

पत्नीला तिथली भरतकामाची शाल हवी आहे, मला चामड्याचे बूट. घरी केशर आणि ऑलिव्ह तेल न्यायचंय. शिवाय दहा-बारा जणांना देण्यासारख्या छोट्या वस्तू, प्रत्येकी दहा युरोंच्या आत. फ्रिजवर चिकटवायचे बैल नकोत. लास रोसासच्या आउटलेटचं नाव सगळे घेतात, त्यासाठी अर्धा दिवस घालवावा का? सेल तेव्हा सुरू असतो का? कराचा परतावा कसा घ्यायचा? आणि रविवारी सगळं बंद असतं म्हणतात, ते खरं का?

मान्सानारेसकाठ
रविवारचं आधी सांगतो, कारण बाकीचं वेळापत्रक त्यावरच बसवावं लागेल. माद्रिद प्रांतात २०१२ पासून दुकानांच्या वेळांवर बंधन नाही. सोल, प्रेसिआदोस, ग्रान व्हिया भागातली मोठी दुकानं रविवारीसुद्धा रात्री नऊ-दहापर्यंत उघडी असतात. बंद असतात ती छोटी, पिढीजात दुकानं आणि मंडया, आणि तुमच्या यादीतल्या बऱ्याच वस्तू याच ठिकाणी चांगल्या मिळतात. त्यांची वेळ साधारण सकाळी १० ते दुपारी २, मग संध्याकाळी ५ ते ८ किंवा साडेआठ. शनिवारी दुपारनंतर त्यातली बरीचशी उघडतच नाहीत, रविवारी तर नाहीच नाही.

म्हणून गुरुवार आणि शुक्रवारची सकाळ-संध्याकाळ छोट्या दुकानांना द्या. दुपारी प्रादोत जा, म्हणजे उन्हातून सुटका होईल. जूनअखेर दुपारी पारा पस्तिशी सहज गाठतो. शनिवारी सकाळी मंडई, शनिवारी रात्री साखळी दुकानं, रविवारी सकाळी रास्त्रोचा बाजार. तेव्हा सूर्य मावळायलाच पावणेदहा वाजतात. संध्याकाळी सातनंतरची खरेदी सगळ्यात सुखाची, आईंना तर नक्कीच.

कपड्यांसाठी सोल ते कायाओ हा प्रेसिआदोस रस्ता आणि त्याला लागून ग्रान व्हिया. प्रेसिआदोस पूर्ण पादचारी आहे. एल कोर्ते इंग्लेस या बहुमजली, सगळं विकणाऱ्या दुकानाच्या तिथे एकापेक्षा जास्त इमारती आहेत आणि विभाग त्यांच्यात वाटलेले आहेत, त्यामुळे शिरण्याआधी दारावरची पाटी वाचा. उद्वाहक, गारवा, स्वच्छ प्रसाधनगृह, सगळं एका जागी असल्यामुळे आईंच्या विश्रांतीसाठी हेच ठिकाण धरा. कायाओच्या इमारतीत नवव्या मजल्यावर खाण्याचे स्टॉल आहेत आणि तिथून ग्रान व्हिया छान दिसते.

ग्रान व्हिया ३२ला प्रायमार्कचं बहुमजली दुकान आहे, २०१५ पासून. मोजे, पायजमे, मुलांचे कपडे तिथे स्वस्त पडतात. शनिवारी दुपारनंतर मात्र पैसे द्यायच्या रांगेतच बराच वेळ मोडतो, त्यामुळे जायचं तर कामाच्या दिवशी सकाळी उघडतानाच. झाराचं २०२२ मध्ये सुरू झालेलं मोठं दुकान याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, प्लाझा दे एस्पान्याला आहे. झारा आणि मँगो आपल्याकडेही आहेत. सेलमध्ये फरक मोठा पडतो, एरवी त्यांच्यासाठी माद्रिदचा वेळ घालवू नये. त्याऐवजी लेफ्टीज बघा. झाराच्याच मालक कंपनीचा हा स्वस्त ब्रँड आहे.

सेलचं म्हणाल तर तुमच्या तारखा चांगल्या आहेत. पूर्वी उन्हाळी सेल १ जुलैला आणि हिवाळी ७ जानेवारीला सुरू व्हायचा. २०१२ नंतर दुकानदाराला तारीख ठरवायची मोकळीक मिळाली आणि मोठ्या साखळ्या आता जूनच्या शेवटच्या आठवड्यातच सुरुवात करतात. पहिल्या दिवसांत बहुतेक मालावर सूट बेताची असते पण सगळी मापं असतात. जुलैच्या मध्यानंतर सूट वाढते आणि उरतात ती टोकाची मापं. लेबलवर खोडलेली आधीची किंमत ही मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत असली पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे त्या आकड्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

एक लक्षात ठेवा, प्रत्यक्ष दुकानातून घेतलेली चांगली वस्तू केवळ मन बदललं म्हणून परत घेण्याचं कायद्याचं बंधन दुकानदारावर नाही. साखळी दुकानं स्वतःच्या धोरणाने घेतात, मुदत पावतीवर छापलेली असते. छोट्या दुकानात आधी विचारून घ्या.

रास्त्रोला कसं जायचं : हा बाजार फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, साधारण ९ ते ३. सुरुवात प्लाझा दे कास्कोरोपासून, तिथून रिबेरा दे कुर्तिदोरेस हा रुंद उतार खाली जातो. ला लातिना स्थानकावरून वरच्या टोकाला या आणि उतरत जा, पुन्हा चढू नका. खाली पुएर्ता दे तोलेदो स्थानक मिळतं. साडेनऊपर्यंत पोहोचलात तर बघायला जागा मिळते, अकरानंतर नुसतं ढकलत जावं लागतं. मधल्या रस्त्यावरचे कपडे आणि पिशव्या इतर बाजारांत असतात तशाच. बघण्यासारखं आहे ते बाजूच्या गल्ल्यांत : सान कायेतानो गल्लीत चित्रं, कांपियो देल मुंदो नुएव्हो चौकात जुनी पुस्तकं, नाणी आणि अदलाबदलीची चित्रपत्रं. गालेरियास पिकेर या अंगणाभोवतीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत गर्दी कमी असते आणि माल खरोखर जुना असतो. पण शंभर वर्षांहून जुनी वस्तू स्पेनबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते, तेव्हा काही घेतलंत तर विक्रेत्याकडून वस्तूच्या काळाची नोंद असलेली पावती मागा.

खिसेकापू इथे आणि सोलच्या मेट्रोत सर्रास असतात. फोन मागच्या खिशात नको, पाठीवरची पिशवी पुढे घ्या. पासपोर्ट फक्त कर-परताव्याची खरेदी असेल त्या दिवशीच सोबत ठेवा.

रेशीमधागा
शालीबद्दल. तुम्हाला हवी आहे ती मान्तोन दे मानिला. चीनमधल्या रेशमी भरतकामाच्या शाली मनिलामार्गे स्पॅनिश गलबतांतून तिकडे गेल्या, पुढे सेव्हियात त्याच घाटाचं काम सुरू झालं. मोठी चौकोनी शाल, कडेला लांब झालर, आणि तिरपी घडी घालून खांद्यावर घ्यायची. आज बाजारात तिचे तीन प्रकार दिसतात आणि किमतीतला फरक प्रचंड आहे. पॉलिएस्टरवर यंत्राने भरलेली दोन आकडी युरोंत मिळते. रेशमावर यंत्राने भरलेली तिच्या कितीतरी वर. हाताने भरलेली शेकड्यांत सुरू होते आणि हजारांत जाते.

पारख करायची तर पैठणी बघतो तशी उलटी करून बघा. हातकामात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, फुलाच्या पाकळीत रंगाची छटा हळूहळू उतरत जाते, एकाच जातीची दोन फुलं तंतोतंत जुळत नाहीत. यंत्रकामात उलट्या बाजूला पांढरा किंवा एकाच रंगाचा खालचा दोरा दिसतो, आणि एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत उड्या मारलेले धागे असतात. मग झालर बघा. हाताने गाठवलेली झालर जाळीच्या अनेक ओळींची आणि जड असते, शाल खांद्यावर टाकली की तीच तिला खाली ओढून धरते. तयार फीत शिवून लावलेली असेल तर कापडाच्या कडेला शिवणीची सरळ रेघ दिसेल. दुकानदार रेशीम म्हणत असेल तर लेबलवर सेदा असं लिहिलेलं असतं. शंभर टक्के आहे का ते वाचा.

कुठे? पुएर्ता देल सोल १२ इथलं कासा दे दिएगो. पंखे, छत्र्या, शाली यांचं हे एकोणिसाव्या शतकातलं दुकान. तुमच्या मुक्कामापासून दोन पावलांवर आहे आणि आत शिरायला जिने नाहीत. हातपंखेही तिथलेच घ्या. चांगला पंखा एका झटक्यात सरकन उघडतो आणि कुठेही अडत नाही. काड्या लाकडाच्या असतात, कापड काड्यांना सलग चिकटलेलं असतं, टोकाच्या दोन जाड पट्ट्यांजवळ गोंद सुटलेला नसतो. रस्त्यावरच्या दोन-तीन युरोंच्या पंख्यांत नेमकी ती टोकाची चिकटणच आधी जाते. भेट द्यायला साधा, रंगीत लाकडाचा, बिनचित्राचा पंखा घ्या, तो वापरला जातो.

सोल चौकाच्या पलीकडच्या, दक्षिण बाजूला मागे पोन्तेखोस चौक आहे. बटणं, लेस, झालरी, फिती, लोकर यांचं अल्मासेन दे पोन्तेखोस हे नामांकित दुकान तिथे. ब्लाउज शिवून घेणारं कोणी ओळखीत असेल तर त्यांच्यासाठी इथली सुती लेस मीटरवर कापून घ्या. दारात शिरताच नंबराचा कागद घ्यायचा की रांगेत उभं राहायचं ते आधी बघा. तिथले जाणकार गिऱ्हाईक नमुन्याचा तुकडा घेऊन येतात, तुम्हीही जुळवायचं असेल ते कापड सोबत न्या.

प्लाझा मायोरच्या खालच्या बाजूला तोलेदो रस्त्यावर १८ क्रमांकाला कासा एर्नान्स, एकोणिसाव्या शतकापासून. तागाच्या दोरीच्या तळव्यांचे कापडी बूट, म्हणजे आल्पार्गाता, इथे असंख्य रंगांत मिळतात. उन्हाळ्यात बाहेर फुटपाथवर रांग लागते, म्हणून गुरुवारी सकाळी उघडतानाच जा. माप घेताना पाऊल घट्ट बसेल असंच घ्या, कापड आठवड्याभरात सैल पडतं. आज मोकळे वाटलेले जोड पुढे टाचेतून निघतात. आणि हे बूट पाण्याचे नाहीत. ताग भिजला की फुगतो, वास मारतो, शिवण उसवते. मुंबई-पुण्यात ऑक्टोबरनंतरच काढा.

हिशोबवही
कर-परताव्याचं नीट समजून घ्या, यात लोक हक्काचे पैसे सोडून येतात.

स्पेनमध्ये कपडे, बूट, पंखे, दारू यांवर २१ टक्के मूल्यवर्धित कर छापील किमतीत धरलेला असतो. परताव्यासाठी किमान खरेदीची अट २०१८ मध्ये काढली, त्यामुळे नियमाने वीस युरोंच्या वस्तूवरही अर्ज करता येतो. २०० युरोंच्या बुटात कर असतो ३४.७१ युरो (२०० भागिले १२१ गुणिले २१), ४२ नव्हे. त्यातून परतावा देणारी मध्यस्थ कंपनी आपलं शुल्क कापते, म्हणून हाती साधारण किमतीच्या १० ते १५ टक्के येतात. रक्कम लहान असेल तर शुल्काचा वाटा मोठा पडतो, तेव्हा एकाच दुकानातून एकत्र घेतलेलं बरं. खाद्यपदार्थांवर मुळात करच ४ किंवा १० टक्के आहे, तेलाच्या डब्यासाठी कागद भरत बसण्यात अर्थ नाही.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला टॅक्स फ्री म्हणून सांगा आणि मूळ पासपोर्ट दाखवा. फोटोवर सगळीकडे काम होत नाही. मिळालेल्या अर्जावर दिव्हा (परताव्याची संगणकीय मंजुरी व्यवस्था) हे नाव आणि बारकोड आहे ना, नाव आणि पासपोर्टचा क्रमांक बरोबर आहे ना, हे काउंटरवरच तपासा. एक अक्षर चुकलं तरी ते दुरुस्त करणं फक्त त्या दुकानाच्या हातात असतं आणि विमानतळावरून तिथे परत जाता येत नाही.

तुमचं विमान दोहामार्गे आहे, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याचं ठिकाण माद्रिदच. बाराखास विमानतळावर टर्मिनल १ आणि ४ मध्ये दिव्हाची यंत्रं आहेत. तिथे बारकोड धरायचा. पडदा हिरवा झाला की मंजुरी मिळाली. लाल झाला तर शेजारच्या सीमाशुल्क खिडकीवर वस्तू, पावती आणि बोर्डिंग पास दाखवावा लागतो. म्हणून हे सगळं बॅग विमान कंपनीकडे सोपवण्याआधी करायचं. बॅग आत गेली आणि पडदा लाल आला की वस्तू दाखवता येत नाही आणि परतावा जातो. बूट नवे, न वापरलेले आणि बॅगेत वरच ठेवा. मंजुरीनंतर त्या कंपनीच्या खिडकीवर रोख मिळते किंवा कार्डावर जमा होते. रोखीत शुल्क जास्त कापलं जातं. उड्डाणाच्या साडेतीन तास आधी विमानतळावर असा.

पॅरिस किंवा फ्रँकफुर्टला विमान बदलणाऱ्यांचं वेगळं. हातातल्या सामानाची मंजुरी तिथल्या, म्हणजे संघातल्या शेवटच्या विमानतळावर घ्यावी लागते. माद्रिदहून थेट मुंबईपर्यंत सोपवलेल्या बॅगेतल्या वस्तूंचं माद्रिदलाच विचारावं.

कार्ड यंत्राने रुपयांत की युरोंत असं विचारलं तर नेहमी युरो निवडा. रुपयांचा पर्याय म्हणजे यंत्र चालवणाऱ्याने ठरवलेला दर, आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो.

ओगराळं
केशर आणि तेलाकडे येते. स्पेनमध्ये पॅक केलेलं सगळं केशर स्पेनमध्ये पिकलेलं नसतं, इराणचं केशर तिथे येऊन डबीत भरलं जातं. ते वाईट असतं असं नाही, पण ला मांचा या स्पेनमधल्या केशराच्या प्रदेशाचा भाव देऊन ते घेऊ नये. डबीवर ‘आसाफ्रान दे ला मांचा’ आणि उगमाचं संरक्षित नाव असल्याचं क्रमांकित लेबल हवं. काड्या गडद लाल, टोकाशी तुतारीसारख्या पसरट, मोडल्यावर कुरकुरीत. पूड कधीच घेऊ नका. एक ग्रॅमची डबी बहुधा दहा युरोंच्या आतबाहेर असते. श्रीखंडाच्या किलोभर चक्क्याला पंधरा-वीस काड्या पुरतात, म्हणजे एक ग्रॅम घरात बराच काळ चालतं. सोलभोवतीच्या भेटवस्तूंच्या दुकानांऐवजी एल कोर्ते इंग्लेसच्या तळघरातलं सुपरमार्केट किंवा मंडईतलं मसाल्याचं दुकान बघा.

तेलाच्या डब्यावर ‘व्हिर्खेन एक्स्त्रा’ हे शब्द हवेत. नुसतं ‘आसेइते दे ओलिव्हा’ लिहिलेलं असेल तर ते शुद्धीकरण केलेलं तेल मिसळलेलं असतं. पिकुआल जातीच्या ऑलिव्हचं तेल कडवट, तिखटसर, टिकाऊ. आर्बेकिना सौम्य, गोडसर. वरणभाताच्या जेवणात कच्चं घ्यायचं असेल तर आर्बेकिना आपल्या तोंडाला लवकर रुचतं. काढणीचा हंगाम छापलेला असतो. जूनमध्ये जाताय, तेव्हा आदल्या नोव्हेंबरपासूनच्या हंगामाचं मागा. काच नको, पत्र्याचा डबा घ्या, उजेडही लागत नाही आणि बॅगेत फुटत नाही. एक लिटर तेल सुमारे ९१५ ग्रॅम भरतं, म्हणजे पाच लिटरचा डबा पत्र्यासकट पाच किलोंच्या घरात जातो. मी तर अर्ध्या लिटरचे तीन वेगवेगळे घ्या म्हणेन. झाकणावरून चिकटपट्टी, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग कपड्यांच्या मधोमध, आणि अर्थातच फक्त सोपवायच्या बॅगेत.

दहा युरोंच्या आतल्या भेटींसाठी पहिला क्रमांक ‘पिमेन्तोन दे ला व्हेरा’चा. ओकच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड, सुरेख पत्र्याच्या छोट्या डबीत. दुल्से म्हणजे तिखट नसलेली, आग्रिदुल्से मधली, पिकान्ते तिखट. भरताला, बटाट्याच्या काचऱ्यांना, साध्या आमटीच्या फोडणीला चिमूटभर घातली तरी घरभर धुराचा वास दरवळतो. फोडणीत ती गॅस बंद केल्यावर टाका, नाहीतर क्षणात करपून कडू होते. सुपरमार्केटातच दोन-चार युरोंना मिळते.

तिथेच साबणाच्या फळीवर एनो दे प्राव्हिया आणि काळा माग्नो साबण बघा, दोन्ही अस्सल स्पॅनिश आणि स्वस्त. कागदसामानाच्या दुकानात मुलांसाठी मिलान खोडरबर, मोठ्यांसाठी फुर्निएरचा चाळीस पानांचा स्पॅनिश पत्त्यांचा कॅट. कानालेखास चौकातलं ला व्हिओलेता हे १९१५चं चिमुकलं दुकान जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या आकाराच्या गोळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. छोटी पुडी घेतलीत तर दहाच्या आत बसते. काचेच्या नक्षीदार डब्या महाग.

शाकाहारी घरात द्यायचं असेल तर हे नक्की वाचा. तुर्रोन या बदामाच्या वडीत बहुधा अंड्याचा पांढरा बलक असतो. पोल्व्होरोन आणि मान्तेकादो या खुसखुशीत बिस्किटांत पारंपरिक कृतीनुसार डुकराची चरबी असते, घटकांत ‘मान्तेका दे सेर्दो’ असं लिहिलेलं दिसेल. मांचेगो चीजमध्ये बहुधा जनावराच्या पोटातलं विरजण असतं. आणि खामोन, म्हणजे खारवलेली मांडी, कितीही सुबक पाकिटात असली तरी मांसाचे पदार्थ भारतात आणायला परवाना लागतो, तेव्हा ती तिथेच खा.

मंडईसाठी शनिवारी सकाळी सालामांका भागातली ला पाथ मंडई किंवा आन्तोन मार्तिन. सान मिगेल ही १९१६ची लोखंडी-काचेची मंडई बघायला फार सुंदर आहे, पण आता ती खाण्याच्या स्टॉलांची आणि पर्यटकांच्या भावाची. मंडईत फळ-भाजी हाताने निवडायची नसते, विक्रेता देतो. गाळ्यापाशी गेलं की ‘किएन एस एल उल्तिमो?’, म्हणजे शेवटचं कोण, असं विचारायचं. कोणीतरी हात वर करेल, त्याच्यानंतर तुमची पाळी. न विचारता पुढे झालं की आजीबाई लगेच थांबवतात.

टाचशिवण
बुटांसाठी लास रोसासला जाऊ नका. ते आउटलेट गाव शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, मोन्क्लोआहून बस मिळते, पण बस पकडणं, जाणं, उन्हात फिरणं, परतणं यात अर्धा नाही, पाऊण दिवस जातो. आंतरराष्ट्रीय महाग ब्रँडची पिशवी किंवा कोट मनात ठरलेला असेल तरच ते परवडतं.

चुएका स्थानकाशेजारी आउगुस्तो फिगेरोआ रस्ता आहे. तिथे लागोपाठ बुटांची दुकानं आहेत, काही ठिकाणी व्यापाऱ्यांना दाखवायचे नमुन्याचे जोड कमी भावात असतात. नमुने बहुधा मधल्याच मापांत येतात, बायकांचे ३६-३७, पुरुषांचे ४१-४२. पाऊल त्यात बसत असेल तर नशीबच, नाहीतर चालू मालाकडे वळा. आपल्या ८ नंबरला साधारण ४२, ९ला ४३. पाय संध्याकाळी किंचित सुजतात, म्हणून माप संध्याकाळीच घ्या.

चामडं खरं आहे का ते विक्रेत्याला विचारायची गरज नाही. युरोपात बुटाच्या जोडीतल्या निदान एका नगावर वरचा भाग, अस्तर आणि तळवा यांची चित्रं असलेलं लेबल सक्तीचं आहे. पसरलेल्या कातड्याचं चित्र म्हणजे चामडं. त्याच कातड्यात पत्त्यांतल्या चौकटसारखा छोटा समभुज चौकोन असेल तर वर थर दिलेलं चामडं, ते भेगाळतं. विणीची जाळी म्हणजे कापड, नुसता तसा चौकोन म्हणजे इतर साहित्य, बहुधा कृत्रिम. अस्तरही चामड्याचं असलेला जोड आपल्या हवेत जास्त टिकतो, घाम शोषतो.

दोनशे युरोंच्या आसपास किंवा वर जायची तयारी असेल तर सालामांका भागातल्या क्लाउदिओ कोएयो रस्त्यावर मीरमिन आणि कार्मिना ही मायोर्का बेटावरच्या बूट कंपन्यांची दुकानं आहेत. कार्मिना बरीच महाग. त्यांचे बूट वेल्ट पद्धतीने शिवलेले असतात, म्हणजे वरचा भाग, मधली पट्टी आणि तळवा शिवणीने जोडलेले. तळवा झिजला की उसवून नवा बसवता येतो, चिकटवलेल्या बुटात ते जमत नाही. तळवा रबरी मागा. चामडी तळवा पुण्याच्या एका पावसाळ्यात मऊ पडतो आणि ओल्या फरशीवर सटकतो.

रोजच्या वापराचे, रुंद पावलाला सोसणारे बूट हवे असतील तर काम्पेर किंवा पिकोलिनोस. पिकोलिनोस एल्चेचं आहे, बुटांच्या कारखान्यांचंच गाव ते. आईंसाठी हलके, मऊ तळव्याचे सँडल तिथे नक्की बघा.

वाटसरू_पुणे
इतकं तपशीलवार लिहिल्याबद्दल सगळ्यांचे आभार. लास रोसास रद्द केलं. अजून एक : भाचा सप्टेंबरपासून दोन वर्षं माद्रिदला शिकायला जातोय. त्याच्यासाठी डाळ, कणीक, कुकर आम्ही जूनमध्ये बघून ठेवू शकतो का? की इथूनच द्यावं? आणि कर-परतावा त्यालाही मिळेल का? मेट्रोत आईला कुठे उतरवावं?

ओगराळं
डाळ, कणीक इथून नेऊ नका, वजन फुकट जातं. लावापिएस भागात बांगलादेशी आणि भारतीय किराणा दुकानं आहेत : तूरडाळ, मूगडाळ, चपातीचं पीठ, हिंग, मोहरी, कढीपत्तासुद्धा. स्पॅनिश सुपरमार्केटातल्या ‘इंतेग्राल’ पिठात कोंडा जाड असतो, चपाती तुटते, म्हणून पीठ लावापिएसचंच. मसूर, काबुली चणे, राजमा मात्र कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, काचेच्या बरणीत शिजवलेलेही. गुळाच्या जागी पानेला घ्या, तो उसाचाच रस आटवून केलेला आणि आमटीत छान चालतो. कोथिंबीर घेताना वास घ्या, शेजारची अजमोदा हुबेहूब दिसते. हिरवी मिरची, कच्ची केळी, रताळी यांसाठी कुआत्रो कामिनोसची माराव्हियास मंडई, चिनी सामानासाठी उसेरा. मेर्कादोना ही सुपरमार्केटांची साखळी, ते बहुतेक ठिकाणी रविवारी बंद असतं, आणि तिथे सुटी फळं-भाजी स्वतः वजन करून, त्या वस्तूचा आकडा दाबून स्टिकर लावायचं असतं. स्टिकर नसेल तर काउंटरवरून परत पाठवतात.

मसाला त्याच्या आवडीचा घरचाच द्या, तेवढा मात्र तिथे मिळणार नाही.

टाचशिवण
कुकरबद्दल आधी खोलीतली शेगडी कोणती ते विचारा. भाड्याच्या घरांत बहुधा काचेच्या पृष्ठभागाची शेगडी असते, ती दोन प्रकारची. नुसती तापणारी असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, फक्त बूड सपाट हवं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियम तापतच नाही. चुंबक बुडाला चिकटला तरच भांडं चालेल. स्पॅनिश कुकर ‘ओया रापिदा’ या नावाने मिळतो, मागेफेसासारख्या तिथल्याच कंपन्यांचा, स्टीलचा आणि इंडक्शनला चालणारा. त्याची रबरी रिंगही तिथेच मिळते, म्हणून तिथेच घ्यावा. मिक्सर इथला चालेल, तिकडेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, पण आपल्या तीन पिनांच्या प्लगला तिथलं दोन गोल छिद्रांचं सॉकेट लागत नाही. ॲडॉप्टर मिक्सरचा भार सोसणारा, निदान १० अँपिअरचा हवा.

हिशोबवही
भाच्याला परतावा नाही. ही सवलत युरोपीय संघाबाहेर कायम राहणाऱ्यांसाठी आहे. तिथल्या निवास परवान्यावर राहणारा विद्यार्थी त्यात बसत नाही. आणि त्याच्यासाठी घेऊन माद्रिदमध्येच ठेवलेल्या वस्तू तुमच्या अर्जातही घालू नका. वस्तू संघाबाहेर जाते म्हणूनच कर परत मिळतो, आणि लाल पडदा आला की ती बॅगेत दाखवावी लागते. त्याला काही खराब निघालं तर मात्र नव्या वस्तूवर २०२२ पासून तीन वर्षांची कायदेशीर हमी आहे. पावती दुकानातल्या थर्मल कागदावर असते, अक्षरं उडतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवायला सांगा. दुकानदार ऐकत नसेल तर ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’ मागायचा. हा तक्रारीचा छापील अर्ज प्रत्येक दुकानाने ठेवलाच पाहिजे.

मान्सानारेसकाठ
आईंसाठी सोल आणि ग्रान व्हिया ही दोन्ही स्थानकं चांगली. ग्रान व्हिया २०२१ मध्ये नूतनीकरणानंतर उघडलं, तेव्हापासून तिथे उद्वाहक आहे. मेट्रोच्या नकाशावर उद्वाहकाचं चिन्ह असलेल्याच स्थानकांवर उतरायचं ठेवा. जुन्या मार्गांवर काही ठिकाणी फक्त जिने आहेत आणि ते खोल असतात. लाल रंगाचं मुल्ती कार्ड अडीच युरोंना मिळतं, त्यावर दहा प्रवास भरले की तिघांना एकच कार्ड चालतं, प्रत्येकासाठी एकदा टेकवायचं. विमानतळाला मेट्रोने जाताना मात्र प्रत्येकी तीन युरोंचा अधिभार वेगळा भरावा लागतो, तो त्याच यंत्रावर आधी भरून घ्या. सोमवारी सामानासकट आईंना घेऊन मेट्रो बदलण्यापेक्षा सिबेलेस चौकात थांबणारी पिवळी विमानतळ बस सोपी, भाडं पाच युरो. सोलहून सिबेलेसपर्यंत टॅक्सी करा, अंतर थोडंच आहे.

रविवारी रास्त्रोचा उतार आईंना जमणार नसेल तर आधी त्यांच्यासोबत प्लाझा मायोरला जा, मग रास्त्रोला तुम्ही दोघंच उतरा. रविवारी सकाळी तिथल्या कमानींखाली टपाल तिकिटं आणि नाण्यांचा बाजार भरतो, सावली असते आणि बसायलाही जागा आहे. जुनी भारतीय तिकिटं आणि नाणीही कधीकधी तिथे दिसतात.